इंजिनाच्या तेलातले लोखंड

२०२३च्या एप्रिलमध्ये आमच्या विमानाच्या इंजिन-तेलाचा जो अहवाल आला, त्यात लोखंडाच्या रकान्यात ५८ हा आकडा होता. त्याआधीच्या चार-पाच अहवालांत तो २४ ते २७च्या पलीकडे कधी गेला नव्हता. हे आकडे ‘पीपीएम’मध्ये, म्हणजे तेलाच्या दहा लाख भागांत धातूचे किती भाग, या हिशेबाने दिलेले असतात. विमान १९७४ सालचे सेसना १७२एम, इंजिन लायकमिंग ओ-३२०-ई२डी, चार सिलिंडरांचे, हवेने थंड होणारे, १५० अश्वशक्तीचे. आम्ही चौघे त्याचे भागीदार आहोत आणि ते कॅलिफोर्नियात सॅन होजेच्या पूर्व भागातल्या रीड-हिलव्ह्यू विमानतळावर उघड्यावर बांधलेले असते. शेवटच्या ओव्हरहॉलनंतर, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून पुन्हा बांधल्यानंतर, त्याचे सुमारे १,४०० तास झाले होते. लायकमिंग या इंजिनासाठी २,००० तासांनी, किंवा १२ वर्षांनी, ओव्हरहॉल सुचवते. लोखंड कॅमशाफ्टमधून, म्हणजे झडपा उघडणाऱ्या दांड्यातून, येत असेल, तर इंजिनाचे आवरण दुभंगून ते दुरुस्त करण्याला पर्याय नव्हता आणि तो खर्च चौघांत वाटूनही जड जाणारा होता. ते दुसरीकडून येत असेल, तर कदाचित काहीच करावे लागणार नव्हते. पुढचे काही महिने आम्ही या एका आकड्याचा अर्थ लावण्यात घालवले, त्याची ही हकीकत आहे.

प्रथम नमुन्याविषयी, कारण अहवालाची विश्वासार्हता तिथेच ठरते. अमेरिकेच्या विमान-नियमांत देखभालीचा जो भाग ४३ आहे, त्याच्या परिशिष्टानुसार वैमानिक-मालकाला तेल आणि फिल्टर बदलण्याचे काम स्वतः करून लॉगबुकात नोंदवता येते, आणि आमच्याकडे ते काम बहुधा मीच करतो. उड्डाण करून आल्यावर तेल गरम असतानाच ते सोडावे लागते, म्हणजे तळाशी बसलेले कण तेलात मिसळलेले राहतात. पहिली धार जाऊ द्यायची, शेवटची घ्यायची नाही, मधल्या धारेखाली प्रयोगशाळेची स्वच्छ बाटली धरायची. खाली ठेवलेल्या बादलीतून नमुना भरणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत निरुपयोगी मार्ग आहे, कारण बादलीत मागच्या कामाचा काय काय गाळ असतो ते कोणी सांगू शकत नाही. बाटलीसोबतच्या कागदावर तेलाचा प्रकार, त्या तेलावर झालेले तास, इंजिनाचे एकूण तास आणि मधल्या काळात वरून किती तेल घातले, हे लिहायचे असते. शेवटचा रकाना बहुतेक लोक मोकळा सोडतात. त्याचे महत्त्व पुढे येईल.

आमची बाटली इंडियाना राज्यातल्या एका प्रयोगशाळेत जाते. तिथे तेलाचा अंश आर्गॉन वायूच्या प्लाझ्मात जाळतात आणि प्रत्येक मूलद्रव्य ज्या विशिष्ट तरंगलांबीचा प्रकाश देते, त्याच्या तीव्रतेवरून त्याचे प्रमाण काढतात. अहवालात एका रकान्यात आपला ताजा नमुना, त्याच्या बाजूला आपल्याच इंजिनाचे जुने नमुने आणि एका कडेला त्याच जातीच्या इंजिनांची सर्वसाधारण सरासरी असते. खाली तेलाचा घट्टपणा, ज्वलनबिंदू, त्यात इंधन किंवा पाणी आहे का, आणि न विरघळलेला गाळ किती, या नोंदी असतात. ज्वलनबिंदू खाली आला असेल, तर तेलात पेट्रोल उतरत आहे असे समजायचे. आमच्या अहवालात या खालच्या भागात काहीही वावगे नव्हते, त्यामुळे त्यावर मी अधिक थांबत नाही.

मोटारीच्या इंजिनाच्या तेलाचे अहवाल पाहण्याची ज्यांना सवय आहे, त्यांना विमानाचा अहवाल सुरुवातीला चक्रावून टाकतो. मोटारीच्या तेलात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि जस्त यांचे आकडे शेकड्यांत-हजारांत असतात, कारण ते त्या तेलात मुद्दाम घातलेल्या रसायनांचे घटक असतात. विमानाच्या पिस्टन इंजिनात अशी धातुयुक्त रसायने चालत नाहीत. ती जळल्यावर राख उरते, राखेचा थर ज्वलनकक्षात तापून लाल होतो आणि ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेटते. म्हणून विमानाचे तेल राखविरहित असते आणि हे रकाने जवळजवळ रिकामे असावे लागतात. उलट मोटारीच्या अहवालात नगण्य असणारे शिसे विमानाच्या अहवालात हजारांच्या घरात दिसते. ते बेअरिंगमधून आलेले नसते. विमानाच्या १००एलएल या पेट्रोलमध्ये लिटरमागे ०.५६ ग्रॅमपर्यंत शिसे असू शकते आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पिस्टनभोवतीची फट मोठी ठेवावी लागत असल्यामुळे जळलेले वायू रिंगांना चुकवून खाली तेलात उतरत राहतात. आमच्या २०२१च्या अहवालांत शिसे ४,००० पीपीएमच्या आसपास होते. आमच्या इंजिनात सात क्वार्ट, म्हणजे साधारण साडेसहा लिटर तेल असते. त्यात तेवीसेक ग्रॅम शिसे तरंगत होते असा त्याचा अर्थ होतो. वास्तविक ई२डी हे इंजिन ८० ऑक्टेनच्या पेट्रोलसाठी बनवलेले होते आणि त्या पेट्रोलमध्ये १००एलएलच्या जेमतेम चौथाई इतकेच शिसे असे. ते पेट्रोल बाजारातून गेले आणि ही कमी दाबाची इंजिने त्यांना नको असलेले शिसे पिऊ लागली.

१ जानेवारी २०२२पासून सँटा क्लारा काउंटीने आपल्या दोन्ही विमानतळांवर शिसेयुक्त पेट्रोल विकणे बंद केले. विमानतळाच्या आसपास राहणाऱ्या मुलांच्या रक्तातल्या शिशाचा अभ्यास त्याच्या आदल्या वर्षी प्रसिद्ध झाला होता आणि त्यावरून बरेच वादळ उठले होते. आमच्या टाकीत यूएल९४ हे बिनशिशाचे पेट्रोल येऊ लागले. त्यानंतरच्या पहिल्या तेलबदलात शिसे एकदम शून्यावर आले नाही. ते ६१० होते. इंजिनातले सगळे तेल कधीच निचरत नाही, ऑइल कूलरमध्ये आणि आतल्या वाहिन्यांत काही राहतेच, आणि आत वर्षानुवर्षे साचलेले शिशाचे थरही हळूहळू सुटत असतात. पुढच्या अहवालात ९० आले. मला यातून एक लाभ दिसत होता: पूर्वी हजारोंच्या आकड्यात बेअरिंगमधून येणारे चार-दोन पीपीएम शिसे कळणे अशक्य होते, ते आता कळू शकेल. पण हा लाभ कागदावरचाच राहिला. कुणीतरी सिएरा नेवाडा डोंगरांच्या पायथ्याला जाऊन तिथे १००एलएल भरून येतो आणि आकडा पुन्हा चढतो. आता शिशाच्या रकान्यावरून बेअरिंग कळत नाही, भागीदार कुठे जेवायला गेला होता ते कळते.

आता ५८कडे वळतो. एक धातू एकटा वाढला की कारणे अनेक असू शकतात. तो कोणाच्या सोबतीने वाढला यावरून ती कमी होतात. त्यासाठी आपल्या इंजिनात कोणता भाग कशाचा आहे हे माहीत असावे लागते, आणि ते लॉगबुकातल्या ओव्हरहॉलच्या नोंदीत सापडते. आमचे सिलिंडर साध्या पोलादाचे आहेत, म्हणून वरच्या रिंगा क्रोमचा मुलामा दिलेल्या आहेत. क्रोम वाढले तर रिंगा झिजल्या असे मी म्हणेन. ज्यांच्या सिलिंडरांनाच क्रोमचा मुलामा आहे, त्यांनी नेमका उलटा अर्थ लावला पाहिजे. अॅल्युमिनियम मुख्यतः पिस्टनचे. निकेल बहुधा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि त्याच्या गाइडचे. तांबे आणि कथील काशाच्या बुशांचे. लोखंड मात्र सिलिंडरची भिंत, कॅमशाफ्ट, टॅपेट (कॅमवर टेकून झडपेला ढकलणारा भाग), क्रँकशाफ्ट, दंतचक्रे यांपैकी कुणाचेही असू शकते, आणि झीज मुळीच न होता केवळ गंजाचेही असू शकते.

त्या अहवालात लोखंड दुपटीहून वाढले होते आणि सिलिकॉन ६वरून १४वर गेले होते. क्रोम ६चे ७ झाले होते, अॅल्युमिनियम ७चे ९. तांबे, कथील आणि निकेल जागच्या जागी होते. सिलिकॉन म्हणजे प्रथमदर्शनी धूळ, आणि धूळ इंजिनात शिरली की ती कानशीसारखी रिंगा, भिंती आणि पिस्टन हे तिन्ही एकदम घासते. म्हणून एअर फिल्टरचा डबा उघडून त्याच्या कडा, झाकणाचा रबर आणि कार्बोरेटर हीटची, म्हणजे कार्बोरेटरला गरम हवा देणारी, झडप नीट बसते का, हे आम्ही पाहिले. १७२मध्ये कार्बोरेटर हीट चालू केली की हवा फिल्टरला वगळून आत येते. कोरड्या गवताच्या धावपट्टीवर टॅक्सी करताना ती चालू ठेवणाऱ्यांनी हे लक्षात घेतलेले बरे. आमच्याकडे तिथे काही दोष मिळाला नाही. शिवाय धूळ असती तर क्रोम आणि अॅल्युमिनियमही लोखंडाच्या प्रमाणात चढले असते, आणि ते चढले नव्हते. सिलिकॉनचे दुसरे उगमस्थान म्हणजे सिलिकोनचे गॅस्केट आणि सीलंट. फेब्रुवारीतल्या वार्षिक तपासणीत रॉकर कव्हरची, म्हणजे झडपांवरच्या झाकणांची, जुनी बुचाची गॅस्केट काढून सिलिकोनची बसवली होती. तेव्हा सिलिकॉन आणि लोखंड एकाच अहवालात वाढले असले तरी त्यांची कारणे वेगळी असावीत, असे मी धरले. पुढे सिलिकॉन ११ आणि मग ८ असे आपोआप उतरत गेले, तेव्हा त्या धरण्याला आधार मिळाला.

लोखंडाच्या बाबतीत दोन संशयित उरले: गंज आणि कॅमशाफ्ट. हे दोघे एकमेकांना परके नाहीत. या इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या वरच्या अंगाला बसवलेला असतो आणि त्याला मुख्यतः उडणाऱ्या तेलाचे वंगण मिळते. विमान उभे राहिले की काही दिवसांत त्याच्यावरचे तेल ओघळून जाते. २०२२चा डिसेंबर आणि २०२३चा जानेवारी हे उत्तर कॅलिफोर्नियात एकामागून एक वादळी पावसाचे गेले. एरवी महिनोन् महिने कोरड्या राहणाऱ्या या भागात त्या हिवाळ्यात रस्ते वाहून गेले, दरडी कोसळल्या. त्यानंतर वार्षिक तपासणी लांबली. विमान दीड-दोन महिने जवळजवळ हलले नाही. त्या काळात आमच्यातल्या एकाने, ते मूळचे नाशिकचे, निवृत्त आणि आम्हा सगळ्यांपेक्षा वडील, “निदान दहा मिनिटं जागेवर चालवून ठेवतो, बरं असतं इंजिनाला,” असे सुचवले होते. मी त्यांना आदरपूर्वक अडवले. पेट्रोल जळताना पाण्याची वाफ तयार होते, तिचा काही भाग तेलात उतरतो, आणि तेल ८०-८५ अंश सेल्सियसपर्यंत तापून बराच वेळ तसे राहिले तरच ती बाहेर पडते. जमिनीवर दहा मिनिटे चालवल्याने तेल तितके तापत नाही. पाणी मात्र भरपूर तयार होते. लायकमिंगही हेच सांगते. काकांना ते पटले नाही, पण त्यांनी चालवले नाही.

प्रयोगशाळेच्या टिप्पणीत लिहिले होते की, विमान उभे राहिल्यामुळे गंज धरून लोखंड वाढले असण्याची शक्यता आहे, पंचवीसेक तासांनी पुन्हा नमुना पाठवा. टिप्पणी समंजस होती, पण तिच्यावर विसंबून थांबणे मला धोक्याचे वाटत होते, आणि त्याचे कारण त्या तपासणीच्याच मर्यादेत आहे. प्लाझ्मात पूर्णपणे जळून आपला प्रकाश देतात ते पाच-दहा मायक्रॉनपर्यंतचे कण. त्याहून मोठे कण यंत्राला धड दिसत नाहीत. कॅमचा उंचवटा किंवा टॅपेटचे तोंड खरोखर खराब होऊ लागते, तेव्हा पृष्ठभागावरून खपल्या निघतात, आणि त्या खपल्या यंत्राच्या मानाने प्रचंड असतात. त्या फिल्टरमध्ये अडकतात. परिणामी कॅमशाफ्ट ढासळत असतानाही अहवाल अगदी सभ्य दिसू शकतो. तेलाची तपासणी करून घेणारा आणि फिल्टर न कापताच फेकून देणारा माणूस अर्धेच इंजिन तपासतो, असे माझे मत आहे. आणि दोहोंपैकी एकच करायचे झाले, तर मी फिल्टर कापीन.

फिल्टर कापायला करवत वापरायची नाही, कारण करवतीचाच लोखंडी कीस आत पडतो. डब्याचे झाकण कापणारे चाकाचे खास हत्यार मिळते. आतला घडीदार कागद दोन्ही कडांनी पात्याने सोडवून घ्यायचा, त्यातले तेल शिकंज्यात दाबून काढायचे आणि मग तो लांब पट्टीसारखा उन्हात पसरून घडीन् घडी पाहायची. आम्ही त्या एप्रिलमध्ये तसे पाहिले. काळे बारीक खडे पुष्कळ होते. ते नखाखाली चुरडले जात होते, म्हणजे कार्बन. चकाकणारे असे तीन-चारच ठिपके सापडले. प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले चुंबक कागदावरून फिरवल्यावर त्याला काळसर, तांबूस, पिठासारखी लव चिकटली. सुया किंवा चपट्या खपल्या नव्हत्या. हीच लव पांढऱ्या कागदावर पुसून भिंगाखाली पाहिली, तेव्हा तिच्यात तांबूस छटा स्पष्ट दिसली. तेलाच्या टाकीतली जाळीही काढून पाहिली. ती स्वच्छ होती. गंजाच्या बाजूने हा पहिला प्रत्यक्ष पुरावा मिळाला.

त्यानंतर आमच्या मेकॅनिकने वरचे स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये बोअरस्कोप, म्हणजे नळीच्या टोकाचा बारीक कॅमेरा, घातला. लायकमिंगमध्ये सिलिंडरांचे क्रमांक उजव्या बाजूचा पुढचा एक, डाव्या बाजूचा पुढचा दोन, असे लावलेले असतात. क्रमांक तीनच्या, म्हणजे उजव्या मागच्या सिलिंडरच्या भिंतीवर, वरच्या भागात नारिंगी-तपकिरी डागांचा एक पट्टा होता आणि तिथे होनिंगच्या, म्हणजे तेल धरून राहावे म्हणून भिंतीवर मुद्दाम पाडलेल्या, तिरप्या रेघा पुसट झाल्या होत्या. बाकीच्या तिन्हींत रेघा ठळक होत्या. विमान उभे असताना ज्या सिलिंडरची झडप उघडी राहते, त्याला बाहेरची दमट हवा सरळ मिळते. तीनच्या वाट्याला बहुधा ते आले. सिलिंडरला ८० पौंड दाबाची हवा देऊन त्यातला किती दाब टिकतो, या तपासणीत तीनने ७२ धरले, इतरांनी ७५ ते ७८. हे सगळे चालवून घेण्यासारखे होते.

कॅमशाफ्ट मात्र या इंजिनात सिलिंडर उतरवल्याशिवाय डोळ्यांना दिसत नाही. सिलिंडर उतरवणे हे वरवर छोटे वाटणारे काम आहे. पण ते उतरवताना इंजिनाचे आवरण आवळून धरणारे बोल्ट सैल होतात, ते परत योग्य ताणाने बसले नाहीत तर मुख्य बेअरिंगे सरकतात, आणि त्यातून झालेले अपघात नोंदलेले आहेत. केवळ एका आकड्यासाठी चांगले बसलेले सिलिंडर उतरवण्याला माझा विरोध होता. मेकॅनिकने मधला मार्ग काढला. रॉकर कव्हरे काढलेलीच होती, तेव्हा डायल इंडिकेटर हे बारीक अंतर मोजणारे साधन लावून, प्रोपेलर हाताने फिरवत, आठही झडपा किती उघडतात ते त्याने मोजले. कॅमचा उंचवटा झिजला असेल तर त्याची झडप इतरांपेक्षा कमी उघडते. या कॅमशाफ्टवर समोरासमोरच्या सिलिंडरांच्या इनटेक झडपांना एकच उंचवटा सामाईक असतो, त्याला दुप्पट काम पडते आणि तो आधी जातो. म्हणून इनटेकच्या मोजमापांकडे आम्ही अधिक बारकाईने पाहिले. सगळ्या झडपा इंचाच्या काही सहस्रांशांच्या फरकाने सारख्याच उघडत होत्या. कॅमवर बारीक खळगे पडायला लागले असते तर ते या मापात आले नसते, हे खरे. पण झिजून गेलेला कॅम यातून सुटला नसता.

चौघांची बैठक झाली. एकाचे म्हणणे, पुढचा अहवाल येईपर्यंत विमान उडवू नये. मला ते उलटे वाटत होते: गंजाचा संशय असताना विमान उभे ठेवणे म्हणजे संशय खरा करणे. शेवटी असे ठरले की विमान वारंवार, तेल पुरते तापेल इतका वेळ उडवायचे, डोंगराळ भागात आणि रात्री न्यायचे नाही, आणि पंचवीस तासांच्या सुमारास तेल बदलून नमुना आणि फिल्टर दोन्ही पाहायचे.

जूनच्या अखेरीस दुसरा अहवाल आला. २६ तासांच्या तेलात लोखंड २९. फोनवर सगळ्यांचा सुटकेचा निःश्वास ऐकू आला, कारण आकडा बरोबर अर्धा झाला होता. पण एप्रिलचे तेल ४४ तास चाललेले होते आणि हे २६ तास. तासांनी भागले तर एप्रिलचा दर १.३ आणि आताचा १.१ येतो, गंज धरण्यापूर्वीचा दर ०.६ होता. म्हणजे फार काही उतरलेले नव्हते. असे म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे पुन्हा पडले. मात्र हा दुसरा हिशेबही अपुराच होता, आणि इथे तो मोकळा सोडला जाणारा रकाना कामाला येतो.

विमानाचे इंजिन तेल खाते. आपण वरून नवे तेल घालतो, त्यात धातू नसतो, आणि जळून किंवा उडून गेलेल्या तेलाबरोबर त्यातला धातूही जातो. आमटीत पाणी वाढवत गेल्यावर ती अळणी लागली, तर मीठ कमी पडले होते असे म्हणता येत नाही. एप्रिलपर्यंतच्या ४४ तासांत आम्ही पाच क्वार्ट वाढवले होते. त्याच्या आधीच्या ४२ तासांत तीनच. दुसऱ्या बाजूने, तेल बदलताना मागचे जे थोडे आत उरते ते आपले धातू पुढच्या नमुन्यात घेऊन येते. हे उरलेले तेल पाऊण क्वार्ट आहे असे मी धरले, म्हणजे सातातले पाऊण. एप्रिलच्या ५८ पीपीएममधून सहा पीपीएम जूनच्या नमुन्याला वारशाने मिळालेले होते, ते इंजिनाने त्या २६ तासांत निर्माण केलेलेच नव्हते.

म्हणून मी पीपीएम सोडून लोखंडाचे वजन काढले. इंजिनात असलेल्या तेलातले लोखंड, अधिक खर्च झालेल्या तेलाबरोबर गेलेले लोखंड, वजा मागून आलेले लोखंड, आणि त्याला तासांनी भाग. खर्च झालेल्या तेलातले प्रमाण सुरुवातीच्या आणि शेवटच्या आकड्यांच्या मध्यावर धरले. एक क्वार्ट तेलाचे वजन सुमारे ८३० ग्रॅम घेतले. या रीतीने हिवाळ्यापूर्वीच्या तेलात इंजिन तासाला साधारण ४ मिलिग्रॅम लोखंड सोडत होते. एप्रिलपर्यंतच्या तेलात १०. जूनपर्यंतच्या तेलात ७. दर खरोखर उतरला होता, पण अर्ध्यावर नव्हे, आणि पूर्वपदावर तर नाहीच. यात स्थूलपणा आहे हे उघड आहे, आणि मोठे कण यात धरलेलेच नाहीत. तरीही तीनही वेळा एकच रीत वापरल्यामुळे त्यांची आपसांतली तुलना पीपीएमच्या तुलनेपेक्षा निश्चितच प्रामाणिक आहे. फिल्टरमध्ये या वेळी तांबूस लव नव्हती. कार्बन तेवढाच, चुंबकाला किंचित काळी भुकटी.

वजनाच्या या हिशेबाचे महत्त्व पुढच्या अहवालाने पटवले. त्यानंतर आम्ही नेहमीच्या मुदतीवर परत आलो. लायकमिंग फिल्टर असलेल्या इंजिनाला ५० तास किंवा चार महिने, जे आधी होईल ते, असे सांगते. ऑक्टोबरमध्ये, ४८ तासांच्या तेलात, लोखंड ३६ आले. २९वरून ३६! नाशिकच्या काकांचा लगेच फोन, “अरे, हे पुन्हा चढायला लागलं.” वरून घातलेले तेल चार क्वार्ट, मागून आलेले लोखंड तीन पीपीएम, तास ४८, हिशेब केला तर तासाला ५ मिलिग्रॅम. अहवालातला आकडा वर गेला होता आणि इंजिनाची झीज खाली आली होती. जूनमध्ये आकडा अर्ध्यावर आला तेव्हा झीज तितकी उतरलेली नव्हती, आणि ऑक्टोबरमध्ये तो चढला तेव्हा ती चढलेली नव्हती. हा तक्ता मी चौघांना पाठवला, आणि तेव्हापासून तेल घालणाऱ्याने ते वहीत लिहायचेच, अशी शिस्त लागली. एकाने लिहायचे टाळले तरी ते लपत नाही. आम्ही फिलिप्सचे एक्स/सी २०डब्ल्यू-५० वापरतो, त्यात फॉस्फरस जवळजवळ नसतो. एका प्रवासात कोणीतरी एरोशेलचे १५डब्ल्यू-५० घातले, त्यात झीजरोधक फॉस्फरसयुक्त द्रव्य असते, आणि पुढच्या अहवालात फॉस्फरसच्या रकान्यात त्याची हजेरी लागली.

बोअरस्कोपने क्रमांक तीन पुन्हा पाहिला. नारिंगी रंग गेला होता, रिंगांनी तो घासून नेला होता आणि तोच एप्रिलच्या बाटलीत आम्हाला भेटला असणार. मागे बारीक खळग्यांचा करडा पट्टा उरला आहे. तो आता जाणार नाही. हे सिलिंडर इतर तिघांपेक्षा थोडे जास्त तेल खात राहील आणि लोखंडाचा दर कदाचित चारवर कधीच परतणार नाही, हे आम्ही मान्य केले आहे. आमच्या इंजिनाची नवी सामान्य पातळी पाचच्या आसपास धरून पुढचे आकडे तिच्याशी ताडायचे, प्रयोगशाळेच्या सरासरीशी नव्हे, कारण त्या सरासरीत रोज सहा तास उडणारी शिकाऊ विमानेही आहेत आणि महिनोन् महिने हँगरमध्ये पडून असणारीही.

याच ऑक्टोबरमध्ये बातमी आली की नॉर्थ डकोटा विद्यापीठाने जूनमध्ये आपल्या विमानांत सुरू केलेले यूएल९४ थांबवून पुन्हा १००एलएल वापरायचे ठरवले आहे, कारण काही इंजिनांत एक्झॉस्ट झडपांच्या बैठका खोल जात असल्याचे आढळले होते. काकांनी विचारले की आपल्या अहवालात ते कुठल्या रकान्यात दिसेल. ते कुठल्याच रकान्यात दिसणार नाही. झडपेच्या बैठकीतून निघालेला धातू ज्वलनकक्षाच्या बाजूला असतो आणि जळलेल्या वायूंबरोबर धुराड्यातून निघून जातो. तो तेलापर्यंत पोहोचतच नाही. त्यासाठी टॅपेटमधले तेल काढून रॉकर आणि झडप यांच्यातली कोरडी फट मोजावी लागते. आमच्या इंजिनासाठी ती इंचाच्या २८ ते ८० सहस्रांशांच्या दरम्यान हवी. बैठक खोल जाऊ लागली की झडप वर सरकते आणि ही फट कमी होत जाते. पुढच्या वार्षिक तपासणीत आम्ही आठही झडपांची फट मोजून घेतली. सगळ्या मर्यादेत होत्या, सर्वांत कमी एकीची ४१. तो आकडा तेलाच्या तक्त्याशेजारी नव्या रकान्यात लिहून ठेवला आहे, आणि दर वार्षिक तपासणीला तो पुन्हा मोजायचा, असे मेकॅनिकशी ठरले आहे.